उसाच्या वाटेवर सगळ्यात मागे

मंडळीच्या ओट्यावर किटली उतरवली आणि मागे वळून पाहिलं, तर तू नव्हतीस. झाकणाचा आवाज मात्र आत्ताच थांबला होता. माझ्या पाठीमागे, चार हातांवर. दोन ठोके, मग जरा थांबणं, पुन्हा दोन ठोके. सगळी वाट तो माझ्या मागे होता.

ओट्यावर आम्ही चौघी होतो. सगळ्यात पुढे चालणारी सुंदर, तिच्या मागची लताबाई, मग रेखा, म्हणजे माझी लेक आणि तुझी सून, आणि तिच्या मागे मी. आमची दूध मंडळी बायकांची. तिची मंत्री, म्हणजे सेक्रेटरी, हंसाबेन काटा पुसत होती. तिने विचारलं, "प्रमुख क्यां?" प्रमुख म्हणजे तू. मी म्हटलं, ही काय मागे, आलीच. हंसाबेनने मान हलवली, कारण झाकण तिनेही ऐकलं होतं. ते ऐकूनच ती रोज काट्यावरचं फडकं काढते.

आम्ही थांबलो. धुकं इतकं होतं की ओट्याच्या पायरीपलीकडे ऊस दिसत नव्हता. मला वाटलं, चपलेत काही रुतलं असेल. वाटलं, पदर अडकला असेल. मग रेखाने हाक मारली. उसात हाक मारली तर ती परत येत नाही, ऊस ती गिळून टाकतो. तिने तीनदा आई म्हणून हाक मारली आणि मग माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं.

आम्ही परत गेलो. जवळच कुठे असशील असं धरून चाललो आणि चालतच राहिलो. तू पार नहरेपाशी, कालव्याच्या काठी सापडलीस, वाट जिथे उसात शिरते तिथे, मंडळीपेक्षा आपल्या वस्तीच्या जवळ. बांधावर बसली होतीस. पडली नव्हतीस. कोणीतरी बोलत असताना बायका बसतात तशी, गुडघे एका बाजूला घेऊन. किटली शेजारी सरळ ठेवलेली, दूध थेंबभर सांडलेलं नाही. जुन्या किटलीचं ते झाकण मांडीवर पालथं होतं आणि दगड मुठीत. डोळे उघडे, वाटेकडे, आम्ही गेलो त्या दिशेला.

लताबाईने सूर काढला. रेखाने तुझा पदर नीट केला. मी झाकण उचलायला गेले आणि थांबले. झाकणावर दव साचलं होतं. बोट फिरवलं तर रेघ उमटली आणि पाणी ओघळलं. ठोके पडत असलेल्या पत्र्यावर दव बसत नाही, पमा. हे कळायला फार शिकावं लागत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, हृदय बंद पडलं, दुसरं काही नाही, अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी विचारलं, केव्हा? तो म्हणाला, आजी, केव्हाच. मी म्हटलं, आम्ही तर शेवटपर्यंत ऐकत होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझं ब्लडप्रेशर घेतलं.

मला भुताखेतांचं वेड नाही हे तुला माहीत आहे. ज्या वर्षी वस्तीत बायकांच्या अंगात यायला लागलं, त्या वर्षी मी एकीच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं आणि तू हसून हसून खाली बसलीस. म्हणून आधी मी कानांना दोष दिला. मी आयुष्याची निम्मी वर्षं सुरतेत काढली, लूमच्या कारखान्याला भिंत लावून असलेल्या खोलीत. आमचे हे त्याच कारखान्यात होते. सुट्टीच्या दिवशी लूम बंद असायचे तरी यांना ते ऐकू यायचे. जेवताना म्हणायचे, जरा मोठ्याने बोल, मशीन चालू आहे. कुठलीच मशीन चालू नसायची. कानाला रोजची सवय लागली की कान आपलं आपण वाजवतो. मग मी स्वतःला सांगितलं की तुझं झाकणही तसंच.

पण सुंदरने जन्मात लूम पाहिला नाही. रेखा तरणी आहे, तिचे कान चांगले आहेत. हंसाबेन तर वाटेवर नव्हतीच, ती मंडळीत बसली होती. पाच जणींच्या कानांना एकाच सकाळी एकच सवय कशी लागेल? तुझ्याकडे उत्तर असेल तर असो.

आपण विहिणी. विहिणींनी एकमेकींचं कौतुक करायचं नसतं, नावं ठेवायची असतात. आपण दोघींनी ते नीट पाळलं. लोकांत तू मला 'विहीणबाई' म्हणायचीस आणि 'तुम्ही' म्हणायचीस. नहर ओलांडली, वाट उसात शिरली, की 'तू' सुरू. तुमच्या लेकीला भाकरी थापता येत नाही, हे लोकांत. तुझी लेक माझ्यापेक्षा हुशार आहे व, हे वाटेवर. मी एकदा म्हटलं, जे वाटेवर बोलतेस ते चारचौघांत बोल ना. तू म्हणालीस, चारचौघांत बोलले तर ती डोक्यावर बसेल, आणि तू तिच्या शेजारी.

पण लग्न होऊन रेखा तुमच्या घरी आली त्याच वर्षी तू तिच्या नावावर म्हैस केलीस आणि तिला मंडळीची सभासद केलंस. तुझ्या पोराला, दिनेशला, न विचारता. आमच्या भावकीत असं सासूने केलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्या सासूने मला तिच्या पेटीची किल्लीसुद्धा मरेपर्यंत दिली नाही. मी तुला त्याबद्दल कधी काही बोलले नाही. बोलले ते एवढंच, की म्हैस मारकी आहे.

मारकीच होती.

वाटेचं मला पहिल्यापासून पटलं नव्हतं. आपली वस्ती उसाच्या या अंगाला आणि मंडळी गावात, त्या अंगाला. डांबरी रस्ता साखर कारखान्याला वळसा घालून जातो. पायी गेलं तर दुधाचा टँकर निघून जाईल इतका लांब. म्हणून पुरुष म्हणायचे, किटल्या आमच्याकडे द्या, मोटरसायकलवर नेऊन घालतो, तुम्ही कशाला अंधारातून मरायला जाता. मलाही ते बरं वाटायचं. तुला नाही. तू मंडळीत नियमच करून ठेवला होतास. जिची किटली तिचाच हात. घरच्या बाईनेच दूध काट्यावर ओतायचं, पुरुषाच्या हातचं घ्यायचं नाही. तू म्हणायचीस, आज तो किटली नेईल, उद्या तो बाकावर बसेल, परवा सभेला येईल, आणि तेरवा आपण घरी बसून विचारू की मंडळीत काय झालं व.

म्हणून आपण उसातून जायचो. ऊस पुरुषभर उंच, वाट एका माणसापुरती, आणि उसात तो. बारडोलीच्या या सगळ्या पट्ट्यात आता ते जनावर उसात राहतं, तिथेच पिल्लं घालतं. गुजराती लोक बिबट्याला दीपडो म्हणतात. आपण वाटेवर त्याचं नाव घ्यायचो नाही, 'पाहुणा' म्हणायचो. कधी कुत्रं नेलं, कधी वासरू. सकाळी उसाच्या आत पाचट चुरचुरलं की सुंदर पुढून हात वर करायची आणि सगळ्या थांबायच्या. पाचट चुरचुरायचं थांबलं की ती पुन्हा चालायची. मुंगूस असेल, डुक्कर असेल. आम्ही विचारायचो नाही.

रांगेची पद्धत तुझी. तो मागून येतो, पुढून येत नाही, हे तुला ऊसतोडीच्या वर्षांपासून माहीत होतं. म्हणून शेवटची बाई झाकण वाजवेल आणि पुढच्यांनी मागे पाहायचं नाही. पाहिलं की पाऊल चुकतं, एक थांबली की रांग तुटते, आणि तुटलेल्या रांगेतली एकटी त्याला सापडते. झाकण ऐकू येतंय तोवर सगळं ठीक. "मांगे देखू नका, मी शे ना मांगे," तू रोज नहरेपाशी आपल्या अहिराणीत म्हणायचीस. आरतीआधी नारळ फोडावा तसं ते झालं होतं.

शेवटी रोज तूच. मी म्हटलं होतं, पाळी लावू. तू म्हणालीस, प्रमुख कोण आहे? मी म्हटलं, प्रमुख पुढे चालतो. तू म्हणालीस, पुरुषांच्या मंडळीचा.

एकदा मी विचारलं होतं, आमच्या मागे तू, तुझ्या मागे कोण? आठवतं काय बोललीस? "मना मांगे कोनी नही, म्हनीसन कोनी बोलस बी नही. घरमा तर दिवसभर बोलतस." सुंदरला अहिराणी कळत नाही, तरी तीही हसली.

आता त्या भांडणाचं. ते तू अर्धवट टाकून गेलीस, मी टाकणार नाही. मला ताप होता, उठवत नव्हतं. यांनी म्हैस पिळली आणि किटली घेऊन रस्त्याने सायकल मारत मंडळीत आले. म्हातारा माणूस, कानाने अधू, घामाने निथळत. तू त्यांना काट्यावरून परत पाठवलंस. तुझ्या पोराचा सासरा. ते घरी येईपर्यंत दूध फाटलं. मी तापात पडल्या पडल्या तुला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. संध्याकाळी तू स्वतः आलीस. मला विचारलं नाहीस, बोलली नाहीस. माझी म्हैस पिळलीस, माझी किटली डोक्यावर आणि तुझी कमरेवर घेऊन त्या वाटेने गेलीस. नंतर कितीदा आपण यावर भांडलो. तू म्हणायचीस, एकाला हो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी दहा जण आले असते. मी म्हणायचे, आजाऱ्यासाठी नियमाला खिडकी ठेवावी. तू म्हणायचीस, खिडकीतूनच तर चोर येतो. मी म्हणायचे, वाराही येतो.

तू गेल्यावर मला कळलं की तू बरोबर होतीस. पण त्या दिवशीचं नाही. त्या दिवशी तू चुकलीस, आणि ते दूध तू फाडलंस. हे मी सोडणार नाही, तू मेलीस म्हणूनसुद्धा नाही.

कळलं ते असं. तुझ्या दुखवट्यात आम्ही घरातून निघालो नाही. दिनेश आणि लताबाईचा नवरा किटल्या मोटरसायकलवर नेऊ लागले. हंसाबेन एकटी काय करणार, तिने घेतलं. पहिल्या दिवशी ते काट्यापाशी उभे राहिले. मग बाकावर बसायला लागले. मग बायकांसाठी घातलेली चटई गुंडाळून कपाटावर गेली, कारण मोटरसायकल आत लावायला जागा हवी होती. हंसाबेन मला सांगायला आली तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता. म्हणाली, बा, फॅट काढताना माझ्या खांद्यावरून बघतात. मी विचारलं, कोण? ती म्हणाली, बधा. सगळेच. तू जे तेरवा होईल म्हणालीस, ते तुझ्या तेराव्याच्या आतच व्हायला लागलं.

मग दिनेशने सभा बोलावली. नवी प्रमुख निवडायची. रेखा व्हावी असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मला येऊन नमस्कार करून म्हणाला, सासूबाई, तुमच्याच लेकीचा मान आहे, कामाचं मी बघेन, तिला त्रास पडू देणार नाही. वाईट पोरगा नाही तो. तुला माहीत आहे, नाही. दारू नाही, मारहाण नाही. आईसाठी खरा रडला. पण तो बोलत होता तेव्हा रेखा दारात उभी होती आणि त्याने एकदाही तिच्याकडे पाहून विचारलं नाही.

सभेच्या आधी सुंदर माझ्याकडे आली. ती कमी बोलते. ती इथल्याच मजुराची बायको, बिनजमिनीची, म्हैस एकच. म्हणाली, चालो बा, कंईक बतावुं. मला वाटेवर घेऊन गेली, भर उन्हात, पक्षी ओरडत असताना. तू बसली होतीस त्या सकाळी ती खाली मान घालून उभी होती, आणि मला वाटलं होतं की तिला रडू आवरत नाही. ती जमीन बघत होती.

नहरेचं पाणी झिरपून तिथली माती ओली राहते. आमची जातानाची पावलं तिथे रुतून तशीच राहिली होती, कारण तुला वस्तीकडे नेल्यावर वाटेने कोणी गेलंच नव्हतं. सुंदरची अनवाणी, लताबाईच्या स्लिपर, रेखाच्या, माझ्या फाटलेल्या टाचेची. आणि त्यांच्यावर, आमच्या पावलांवर पाऊल ठेवत, त्याचे पंजे. बशीएवढे. माझ्या टाचेच्या खुणेत त्याचा पुढचा पाय बरोबर बसला होता. नहरेपासून निघाले होते, तू बसलीस त्या बांधाला वळसा घालून, तुझ्या किटलीपासून हातभर अंतरावरून. तुझ्या पुढे वाटेवर तुझ्या चपलेची एकही खूण नव्हती. त्याच्याच होत्या, पार मंडळीपर्यंत. शेवटच्या वळणावर, जिथून ओटा दिसतो, तिथे शेवग्याच्या झाडाखाली गवत दबलेलं होतं. तो तिथे बसला होता. तिथून आमचं किटल्या उतरवणं त्याला ऐकू आलं असणार. मग तो उसात गेला.

मी सुंदरला विचारलं, हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर पुरुषांनी वाट त्याच दिवशी बंद केली असती.

मी तिथे उभी राहिले. वारा नव्हता. ऊस तरी हलत होता, ऊस कायम हलतो. मला थंडी वाजली असं लिहिलं तर तू म्हणशील, दुपारी थंडी कसली व. वाजली.

पण पुरुषांना ते कळायचं ते कळलंच. वनखात्याची माणसं दुसऱ्या कशासाठी आली होती, त्यांनी खुणा पाहिल्या आणि वाटेच्या तोंडाशी पिंजरा लावला. पिंजऱ्यात बकरी. ती बकरी रात्रभर ओरडायची आणि आमच्या वस्तीत कोणाला झोप नसायची. तो आला नाही. शेवटी बकरीला परत नेलं, पिंजरा उघडा राहिला.

सभा मंडळीतच झाली. सभासद बायका आत बसल्या आणि त्यांचे नवरे दारात, खिडकीत, ओट्यावर. दिनेशने सुरुवात केली. आईच्या कामाचं चांगलं बोलला. मग म्हणाला, वाट आता बंद. वनखात्याने सांगितलंय, जनावर त्या सकाळी बायकांच्या मागे मागे मंडळीपर्यंत आलं होतं. एक गेली, आता दुसरीची वाट बघायची का? यापुढे दूध पुरुष आणतील, प्रमुख रेखा होईल, सही ती करेल. खिडकीतून कोणीतरी बरोबर आहे म्हणालं. हंसाबेन टेबलाचा कोपरा पुसत होती, तो आधीच पुसलेला होता.

जावयाला उलट बोलायचं नसतं. तू मला नेहमी चिडवायचीस, दिनेश माझा पोरगा, त्याला मी झाडूने हाणेन, पण तुझा तो जावई, तुला त्याच्यापुढे पदर घ्यावा लागतो. मी पदर घेतला आणि उभी राहिले.

"जावईबापू, जनावर आलं होतं. खरं आहे. मी खुणा पाहिल्यात. पार ओट्यापर्यंत आमच्या मागे होतं. नेलं कोणाला?"

मी म्हटलं, पमाबाईला त्याने हात लावला नाही, तिचं हृदय बंद पडलं, ते घरी चुलीपुढेही पडलं असतं. बाकी आम्ही चौघी त्याच्या तोंडापुढून चालत आलो. का नेलं नाही, ते मला माहीत नाही. झाकण वाजत होतं म्हणून असेल. कोण वाजवत होतं ते विचारू नका, मला माहीत नाही. पण हंसाबेननेही ऐकलंय.

हंसाबेनने मान वर न करता सांगितलं, "सांभळ्युं छे. शेवटपर्यंत."

दारातल्या पुरुषांपैकी एकजण हसायला गेला आणि हसला नाही. त्या खोलीत एकदम फार माणसं असल्यासारखं वाटलं. लताबाईचा नवरा मागे वळून ओट्याकडे पाहायला लागला.

मी म्हटलं, ही सभा सभासदांची आहे. जावईबापू, बाहेर थांबा.

तो गेला. रागाने गेला, पण गेला. मागोमाग बाकीचे. तुझ्या पोराच्या तोंडावर मी दार लावलं, पमा. तू असतीस तर तू लावलं असतंस आणि मला चहा करायला सांगितलं असतंस.

मग मला वाटलं की आता रेखा उठेल आणि म्हणेल, मी होते प्रमुख. आईने सांगितल्यासारखं करून दाखवते. मला ते हवंही होतं आणि नकोही होतं. लेकीचा मान कोणाला नको असतो? ती उठली. तिने म्हटलं, "मी नाही होणार. मी झाले तर घरी गेल्यावर सगळं त्यांचंच चालेल. मला नाही म्हणायला अजून शिकायचंय. सुंदर होऊ दे."

सुंदरने तिच्याकडे असं पाहिलं जसं कोणी तिच्या पायावर किटली आदळली. तिला नीट सही येत नाही, ती सही चित्रासारखी काढते. कोणीतरी ते बोललं. रेखा म्हणाली, मला सही येते, त्याचा काय उपयोग होणार होता? सुंदर रोज पुढे चालते. ती हात वर करते तेव्हा आपण सगळ्या थांबतो ना? का म्हणून विचारतो का? आणि तिने हात वर केला. मग मी. मग लताबाईने, एकदा दाराकडे बघून. मग हळूहळू बाकीच्यांनी. जमीनवाल्यांच्या बायकांनी सगळ्यात शेवटी, पण केले.

तुझी सून तुझ्यापेक्षा हुशार आहे. हे मी चारचौघांत लिहिते, तू वाटेवर बोलायचीस ते.

आता वाट पुन्हा सुरू आहे. पहिल्या सकाळी नहरेपाशी आम्ही थांबलो. मागे कोण, हे कोणी बोललं नव्हतं. मी पुढे झाले, म्हटलं मी म्हातारी, माझं गेलं तर कमी जाईल. रेखाने माझ्या हातातून झाकण घेतलं. म्हणाली, आई, तुमचा ठोका चुकेल. तिने मला आई म्हटलं, पण तुमचा म्हटलं. तुला म्हणायची तसं. मी झाकण सोडलं.

तिचे ठोके वेगळे आहेत. घाईचे, तीन तीन. मी तिच्या पुढे चालते आणि मागे पाहत नाही. मी तुला कधी सांगितलं नाही, त्या वाटेवर मला रोज भीती वाटायची, पहिल्या दिवसापासून. मी भांडत चालायचे ते त्यासाठीच. तू मागे होतीस म्हणून मी पुढे बघू शकले. एवढं सांगायला मला तुझ्या हयातीत तोंड नव्हतं, कारण तू लगेच म्हटलं असतंस, विहीणबाई घाबरतात वाटतं.

कधी कधी, नहर ओलांडली की, रेखाच्या तीन ठोक्यांच्या मधल्या जागेत, जरा लांबून, दोन येतात. मी रेखाला विचारत नाही. ती मला विचारत नाही. सुंदरची मान त्या वेळी किंचित तिरकी होते, मग ती पुढे चालते. लताबाई रामाचं नाव घेते. दिनेश आता मोटरसायकल रस्त्याने काढतो, रिकामी, आणि मंडळीच्या बाहेर उभा राहतो. आत येत नाही. रेखाला घरी सोडतो. ते मी चालवून घेतलं, खिडकी म्हणून.

अजून ऊस उभा आहे. तोड आली की वाट उघडी पडेल, मग पाचट जळेल, मग सगळं मोकळं दिसेल, आणि तो दुसऱ्या कोणाच्या उसात जाईल. तोवर आम्ही जातो.

हे सगळं तुला कशाला सांगते, तू तर पाहिलंच असशील. पण एक गोष्ट मला लिहून ठेवायची होती, कारण लोक आता तिच्यात काय काय घालून सांगायला लागलेत. कोणी म्हणतं पाहुणा पांढरा होता, कोणी म्हणतं तुझे केस मोकळे होते. तसं काही नाही. झालं ते एवढंच. त्या सकाळी धुक्यात जनावर आमच्या मागे होतं, आणि तू नव्हतीस. सुंदर मंडळीत पोचली. लताबाई पोचली. रेखा पोचली. मी पोचले.